सोने जांभळे झाले तेव्हा

मी एक जुना कोनिकल फ्लास्क आहे. बूड रुंद, मान अरुंद, अंगावर पांढऱ्या रेघा. काचकारखान्याच्या भट्टीत जन्मलो आणि बारामतीच्या एका महाविद्यालयात नांदलो. किती मुलांनी माझ्यात आम्ले मोजली! चांगल्या काचेचा म्हणून माझे कौतुकही होई.

मित्रांनो, १९९६ साली एम.एस्सी.च्या करुणाला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम मिळाले. सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार करून जिवंत पेशींना द्यायचे आणि कणांच्या आकारामुळे काय फरक पडतो ते पाहायचे. असे हजारो कण एका केसाच्या जाडीत बसतात. सोन्याचा क्षार मात्र जेमतेम दोन वेळा पुरेल इतकाच होता, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक एकदाच मिळणार होता. हे फसले तर तिचा प्रकल्पच बुडणार होता.

निघण्याआधी महाविद्यालयातून मला मागून घेऊन ती निरवांगीला घरी आली. ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने धुऊन तिने माझ्या तोंडाला कागद बांधला होता. पण घरचे भांडे परगावी जाताना घासूनच द्यायचे, ही तिच्या आईची, अक्काबाईची रीत. सकाळी अक्काबाईने करुणाच्या नकळत मला राखेने घासले, विहिरीच्या पाण्याने विसळले, उन्हात वाळवले आणि कागद होता तसा बांधून ठेवला. उसाच्या त्या पट्ट्यातले विहिरीचे पाणी मचूळ. ते वाळले, क्षार माझ्या अंगाला राहिला.

पुण्यात माझ्यात पाणी उकळले, सोन्याचा क्षार पडला, मग क्षारातून सोन्याचे कण घडवणारे सायट्रेट. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग यायला हवा होता. आला तो जांभळा. प्रयोगशाळेचे महिपती सर म्हणाले, कण एकमेकांना चिकटलेत, ओतून टाका. करुणाने माझ्या आतले बारीक ओरखडे पाहिले आणि तिला राख ओळखू आली.

"नको सर," ती म्हणाली. "दुसऱ्या फ्लास्कात लाल करते. पण हेही पेशींना देऊ. प्रश्न आकाराचाच आहे ना?"

दुसऱ्या वेळी लाल रंग आला. सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत बारीक कण पेशीच्या आत, इवल्या पिशव्यांत दिसले. जांभळ्यातले गठ्ठे बहुतेक बाहेरच, पेशीच्या पडद्याला चिकटून. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, निरनिराळ्या आकारांचे कण करून पुन्हा पाहा, असे सरांनी बजावले. पण काम पुढे चालू राहिले.

करुणाने घरी नेलेले छायाचित्र बघून अक्काबाईने विचारले, "ह्ये गठ्ठं भायेरच का ऱ्हायलं गं?"

"तू फ्लास्क धुतलास ना आई. पाण्यातल्या क्षारानं कण चिकटलं, मोठं झालं."

अक्काबाईने छायाचित्र खाली ठेवले. "मंग हात लावू नगं म्हणून सांगायचं हुतंस. मला काय सपान पडणार हुतं व्हय?"

"चुकलं माझं," करुणा म्हणाली.

ओरखड्यांमुळे मी आता सोन्याच्या कामाचा उरलो नाही. परत महाविद्यालयात आलो; माझ्यात मुले मीठ विरघळवतात. मित्रांनो, काच चमकली म्हणजे स्वच्छ झाली असे समजू नका. शेवटी कोणत्या पाण्याने विसळली ते विचारा. आणि घरात नवे काही आणाल तेव्हा ते कशासाठी आहे, हे भांडी घासणाऱ्या हातांनाही सांगा.