जीपची चार टोकं

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात फुलवाडीच्या माळावर चारशे माणसं दुष्काळी कामाची खडी फोडत होती, आणि त्या चारशेंचं पाणी जळकोटच्या विहिरीवरून दूध संस्थेची एकुलती एक जीप आणत होती. म्हशी विकल्या गेल्या, दूध आटलं, तेव्हा संस्थेचे कॅन पाणी वाहायला लागले. चवीत फार फरक पडला नाही, असं संस्थेची जुनी गिऱ्हाइकं सांगायची.

जीप मिलिटरीच्या लिलावातली, चालवणारा ईरण्णा. स्टेअरिंगला ढिलाई एवढी, की फुलवाडीला वळायचं तर हा जळकोटातच चाक फिरवून ठेवायचा आणि मधल्या वेळात भाकरी उरकून घ्यायचा. सोबत कोरड्यास असलं तर जरा आणखी आधी फिरवायचा. त्या रस्त्यावरची बैलंसुद्धा जीपकडं बघत नसत. ईरण्णाचे हात बघून बाजूला होत.

शुक्रवारी मात्र चेष्टा संपली. विहिरीच्या उतारावर, चाकं वळवणाऱ्या दोन दांड्यांच्या चार टोकांपैकी एक निखळलं. एक चाक नळदुर्गाकडं निघालं, दुसरं उमरग्याकडं. बांध आडवा आला म्हणून ईरण्णा वाचला. कॅन सगळे सांडले.

कामावरच्या मस्टर कारकुनानं निरोप धाडला, "दोन दिस लोकांच्या घागरींवर काढतो. सोमवारी दुपारपर्यंत पाणी आलं तर काम चालंल, न्हाय तर बंद. ह्या उन्हात माणसं पडाया लागली तर मी काय करू?" काम बंद म्हणजे चारशे चुली बंद.

संस्थेचे चेअरमन आबाराव म्हणाले, "एक टोक गेलंय, एक आण. चांगलं चकचकीत बघून घे."

"चारी बदलायची, सायेब," ईरण्णा म्हणाला. "एक घट्ट नि तीन ढिली ठेवली, तर सगळा हिसका घट्टावर. आठ दिवसांत तेबी खिळखिळं."

"ठराव एकाचा झालाय."

"मग एकाच्या पैशात चार आणतो. पर त्याबिगर म्या चावी लावत न्हाय."

"जा की," आबाराव हसले. "येताना नळदुर्गचा किल्लाबी घेऊन ये."

शनिवारी सकाळी ईरण्णा ट्रकच्या टपावर बसून नळदुर्गला गेला. तिथं हमरस्त्याला कल्याणप्पाचं दुकान होतं. पुढं नवे सुटे भाग, मागं भंगार. कल्याणप्पानं काचेच्या कपाटातून एक लखलखीत टोक काढलं.

"ही नवी तऱ्हा बघ. बंद तोंडाचं. जन्मभर ग्रीस भरायचं काम न्हाय."

"कुणाच्या जन्मभर? माज्या का ह्येच्या?" ईरण्णानं ते फिरवून बघितलं. "ग्रीस आत जात न्हाय, म्हंजी धूळ गेली तर बाहेरबी येत न्हाय. आमच्या माळावर कुत्रीसुदिक शिंकत-शिंकत भुंकत्यात. मला ग्रीस भरायच्या निप्पलवालं पायजे. रोज ताजं ग्रीस दाबलं, की आतली धूळ बाहेर."

"तसलं मागं हाय. मिलिटरीच्या जुन्या जीपांचं. हुडकत बस."

ढीग असा, की आणखी हातभर खणलं असतं तर निजामाची एखादी तोफ लागली असती. ईरण्णा त्यात उतरला. एकेक टोक उचलायचं, अंगठ्यानं त्याची पिन तिरकी करायची. पिन आपली आपण लवंडली की टोक फेकून द्यायचं. ठेवली तिथं ताठ राहिली, तर कानाशी नेऊन हलवायचं. आत खुट्ट वाजलं की तेही फेकायचं.

"बायको बघताना एवढं बघितलं व्हतंस का रं?" कल्याणप्पानं विचारलं.

"तिला चारशे माणसांचं पाणी वाहायचं नव्हतं."

दिवस मावळेपर्यंत तीन निघाली. दोन उजव्या आट्यांची, एक डाव्या. दर दांड्याला एक उजवं, एक डावं लागायचं, म्हणून डाव्या आट्यांचं आणखी एक हवं होतं. रविवारी सकाळी तो पुन्हा ढिगात. दुपारपर्यंत ढीग जागचा हलून शेजाऱ्याच्या हद्दीत गेला, पण चौथं टोक मिळेना. मग त्याची नजर गल्ल्यावर गेली. कल्याणप्पा ज्यानं सुपारी फोडत होता ते टोकच होतं. ईरण्णानं ते हातातनं काढून घेतलं. आटे डावे. पिन ताठ. आवाज नाही.

"आन् म्या सुपारी कशानं फोडू?"

"ते चकचकीत हाय की. जन्मभर टिकंल."

सोमवारी उजाडताच ईरण्णानं चारी टोकं बसवायला घेतली, ऊन चढेपर्यंत ग्रीस भरून झालं, आठ कॅन चढवले. पाणी वाटणारी बनाबाई हातात ओगराळं घेऊन शेजारी बसली. खडीवरच्या बायकांत तिचा शब्द चाले. जीप निघाली, आणि पहिल्या वळणाच्या बरंच आधी, नेहमीच्या सवयीनं, ईरण्णानं चाक फिरवलं. जीपनं या खेपेला लगेच ऐकलं. सरळ बाभळीत गेली. दोन कॅन आडवे झाले.

मागं विहिरीवर उभे असलेले आबाराव धावत आले. "भंगार ते भंगारच. म्या चकचकीत सांगितलं व्हतं."

ईरण्णा जीपमधून उतरला. खाली सरकून त्यानं चारी टोकं हिसडून बघितली. एकही हललं नाही. वर येऊन त्यानं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं.

"टोकं ठीक हायेत, सायेब. हातच वाईट वळणाला लागल्यात." मग बनाबाईकडं वळला. "बनाबाई, वळण याच्या आधी माजा हात हलला, की हाणा."

"मोजून हाणू, का तशीच?"

"पोचूस्तवर."

सहा कॅन घेऊन जीप मागं सरली, रस्त्याला लागली. पहिल्या वळणाला ओगराळं तीनदा बसलं, दुसऱ्याला दोनदा. ओढ्याजवळ ईरण्णाची मनगटं भोपळ्यागत फुगली होती. चाक फिरवायला बोटं तेवढी उरली होती. पण माळाच्या चढावर, जिथं दोन्ही अंगांनी खडीचे ढीग आणि त्यावर माणसं बसलेली, तिथं हात वळणापर्यंत थांबले. बनाबाईनं उचललेलं ओगराळं तसंच खाली घेतलं.

दुपार झाली होती, कारकून हजेरीची वही कापडात बांधत होता. बायका हातोड्या खाली ठेवून उठल्या होत्या. बनाबाईनं कॅन उघडला, ओगराळं बुडवलं. मार देऊन देऊन ते वाकलं होतं, पाणी एका बाजूनं सांडत होतं. तिनं ते कारकुनाच्या पुढं धरलं.

"आधी तुमी प्या, सायेब. मग वही सोडा."

त्यानं घटाघटा पाणी पिऊन वही सोडली. हातोड्या पुन्हा वाजायला लागल्या. ईरण्णा सुजल्या हातात ग्रीसगन धरून केव्हाच जीपखाली सरकला होता, आणि संध्याकाळच्या खेपेला शेजारी बसायला बनाबाईला तिथूनच हाका मारत होता.