आईची दोन ताटं

अण्णा गेल्यावर माझ्या भावांनी आईची वाटणी केली. एक महिना सिडकोत साहेबरावदादाकडे, एक महिना गारखेड्यात अभयकडे. मी अभयच्या मागच्याच गल्लीत राहते, पण लेकीकडे राहिलं तर लोक म्हणतील लेकांनी टाकली, म्हणून आई माझ्याकडे यायची नाही. टाकली असती तर बरं झालं असतं, निदान तिच्यावर प्रयोग तरी झाले नसते.

आईला साखरेचा आजार. दादानं कुठल्याशा शिबिरात ऐकलं की तेल-तूप सोडा. ज्वारीची भाकरी, वरण, उसळ पोटभर खा. अभयनं मोबाइलवर पाहिलं की धान्य हेच विष. मग भाकरी, भात, केळी बंद. अंडी, पनीर, सुकट आणि वर तूप. दोघंही दीडशहाणे. पाचोडची माझी आई एक महिना भाकरीवर जगायची, दुसऱ्या महिन्यात तिला भाकरीकडे बघायचीही बंदी. महिनाअखेर तिच्या बोटाला सुई टोचून दोघं आपापली अक्कल मोजायचे आणि आकडा कमी आला की एकमेकांना फोटो पाठवायचे.

गोळ्या मात्र दोन्ही घरी त्याच. दादाच्या डॉक्टरांनी त्या दादाकडच्या भाकरीच्या हिशेबानं दिलेल्या. वाटणीत डॉक्टर दादाकडे गेले होते म्हणा ना. भाकरी बंद केल्यावर गोळी कमी करायची का, हे अभयनं त्यांना कधी विचारलं नाही. दादाच्या माणसाला विचारणं म्हणजे हार मानणं.

परवा सकाळी अभयचा फोन आला. आई घामानं भिजलीय, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतेय. मशीनवर साखर बावन्न.

"आधी मला वाटलं, लई भारी रिझल्ट आला," हे त्यानं मला खरंच सांगितलं.

"साखर घाल तिच्या तोंडात."

"साखर नाय ठेवत आपण घरात, ताई. पनीर देऊ का?"

असल्या माणसाला इंजिनियर कुणी केलं कोण जाणे. मी साखरेचा डबा घेऊन पळत गेले. साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, तेव्हा कुठं आईनं मला ओळखलं.

दवाखान्यात दादाही आला आणि डॉक्टरांसमोरच दोघांची जुंपली. दादा म्हणे भाकरी बंद केल्यानं झालं, अभय म्हणे तुझ्या गोळ्यांनी झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही जेवणांनी साखर आटोक्यात येते. भाकरी-भात कमी केला तर सुरुवातीला जरा लवकर उतरते, पुढे फारसा फरक राहत नाही. वर्षानुवर्षं निभेल ते जेवण खरं. पण जेवण बदललं की गोळ्याही तपासून घ्याव्या लागतात. मग ते आईकडे वळले. "आजी, तुम्हाला काय जमेल?"

"भाकरी," दादा म्हणाला. "अंडी," अभय म्हणाला.

"मला समदं चालतंय," आई म्हणाली. "फकस्त एका जागी राहू द्या."

आहारावर तासन्‌तास बोलणाऱ्या त्या तोंडांतून 'माझ्याकडं राहा' एवढं काही निघेना. शेवटी दादानं घसा खाकरला. "डॉक्टर, मग असं करा, दोन चिठ्ठ्या द्या. एक माझ्या महिन्याची, एक ह्याच्या."

अभयनं लगेच मान हलवली. आईच्या वाटणीनंतर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मला दोघांची शिसारी आली.

डॉक्टर काही बोलायच्या आत आई उठली आणि तिनं माझा हात धरला.

"रत्ना," ती म्हणाली, "तुझ्याकडं काय शिजलंय आज?"