उपड्या मडक्यातले किडे

उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर अमावास्येला नुसती जत्रा लोटायची. धाऊबाबा कानातले किडे काढायचा. पाण्याच्या ताटात तापलेला दगड, त्यावर चिमूटभर ‘मंतरलेल्या’ बिया, वर भोक पाडलेलं उपडं मडकं आणि भोकातून थेट कानात पपईच्या देठाची नळी. धूर कानात जायचा. "उतर रे वैऱ्या, नळीतून खाली उतर," अशी बाबाची बडबड चालायची. मग मडकं उचललं की पाण्यात पांढऱ्या अळ्या. लोक हात जोडायचे.

मी इथल्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या सावळीचा डावा कान वाहत होता. शहापूरला डॉक्टरकडे चल, असं तिच्या आईला, राहीला, मी सांगून थकले. तिने लेकीला बाबाकडे नेलं. त्याने धुरी दिली, कानात मेण ठासलं आणि ते काढायचं नाही असं बजावलं. कान वाहायचा थांबला. आमच्याकडे वाहायचा थांबला की कान बरा झाला, असं धरतात. राहीने बाबाला कोंबडा दिला.

बाहेर येणारा पू आत शिरला. कानामागे लिंबाएवढी सूज आली, पोर तापाने फणफणली, मान वळेना. मीच दोघींना जीपमध्ये घातलं. शहापूरच्या डॉक्टर माधुरींनी मेण काढलं, तातडीने सीटी स्कॅन करवला आणि चित्र राहीला दाखवलं. उजव्या कानामागचं हाड मधाच्या पोळ्यासारखं, घराघरांत हवा. डावीकडची घरं पुवाने भरलेली, भिंती खाल्लेल्या.

"यात किडे कुठं हायेत?" राहीने विचारलं.

"किडे नव्हतेच कधी. पू मेंदूपर्यंत पोचायला आलाय. ऑपरेशन आजच करायला हवं."

सावळी वाचली. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.

माझं डोकं सणकलं होतं. पुढच्या अमावास्येला राही आणि मी पाड्यावर गेलो. राहीने बाबाची नळी उपसून फेकली आणि मडक्याचं भोक चिखलाने लिंपून टाकलं. देव कोपेल, असं बाबा म्हणाला. तिने त्याच्याच बिया दगडावर टाकल्या, मडकं उपडं घातलं. थोड्या वेळाने उचललं. पाण्यात अळ्या.

"कान नाय, नळी नाय. मंग हे किडे कोणाच्या डोक्यातून पडले रे, धाऊ?"

कोणी हात जोडले नाहीत. मी सगळ्यांसमोर सांगितलं, या रिंगणीच्या बिया आहेत. तापल्या की तडकतात आणि आतला वाकडा पांढरा कोंब बाहेर पडतो. त्यात मंतर नाही, देव नाही, आहे ती नुसती लबाडी.

कान वाहत असेल तर डॉक्टरला दाखवा. कानामागे सूज आली तर त्याच दिवशी निघा. धुराला हाडाच्या आतलं दिसत नाही.

सावळीला हाक मारायची तर मी आता उजवीकडून जाते.