डिकीतला दणका

मी डिकीतला स्पीकर बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. जन्मभर दुसऱ्याचं गाणं वाजवलं, तेव्हा कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय वाटतं? आता म्हातारपणी म्हणे तुझी गोष्ट सांग. बरं, ऐका. मध्ये बोलायचं नाही.

मला घडवलं ह्यूस्टनच्या रॉस्कोकाकानं. परातीएवढं तोंड, जाड लाकडाची पेटी. हात थकले तेव्हा काकानं मला पुतण्याला, अलॉन्झोला दिलं. त्यानं आपल्या लांबलचक लाल गाडीच्या डिकीत मला बसवलं.

अलॉन्झोचा देव एकच, स्लो ब्रिस्केट नावाचा रॅपर. तो जाड्या आवाजात, म्हैस चालावी तसा सावकाश गायचा, आणि खालून माझा दणका. रविवारी संध्याकाळी पार्कात गाड्या ओळीनं लावायच्या, डिक्या उघडायच्या आणि कुणाच्या दणक्यानं शेजारची काच थरथरते ते बघायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्यामुळं एकदा शेजारच्या गाडीवाल्या ड्वेनच्या हातातलं भाजलेलं कणीस गळून पडलं होतं.

मग ब्रिस्केटचा नवा अल्बम आला. अलॉन्झोनं तो घरी ऐकलासुद्धा नाही. पहिल्यांदा वाजवायचा तो पार्कातच, चारचौघांत. त्यानं डिकी उघडली.

"मागं सरका रे! नंतर कान गेले म्हणून माझ्या नावानं बोंबलू नका!"

पियानो. नुसता पियानो. आणि ब्रिस्केट वारलेल्या आईच्या आठवणीत हळू आवाजात गातोय. दणका औषधालाही नाही. मी काय वाजवणार, कप्पाळ? गप्प बसलो.

"अलॉन्झो, तुझा म्हातारा मेला रे!" ड्वेन खिदळला.

"पडदा फाटलाय भाडखाऊचा," असं म्हणून अलॉन्झोनं मला लाथ घातली.

ड्वेननं तोच अल्बम आपल्या डिकीत लावला. तीच रडारड. "अरे देवा, माझापण फाटला!"

दुसऱ्या दिवशी ओपलमावशीच्या दुरुस्तीच्या दुकानासमोर ही रांग. मावशीनं मला जुना अल्बम लावला. छताची धूळ तिच्या कॉफीत पडली.

"स्पीकर ठणठणीत आहेत सगळ्यांचे. तुमचा ब्रिस्केट बदललाय."

सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे. ड्वेन म्हणाला, "पैशापायी विकला गेला ब्रिस्केट." रांगेतला दुसरा म्हणाला, "तुला आई नाही का रे?" दोघांची जुंपली. अलॉन्झोनं मात्र मावशीला कोपऱ्यात नेलं.

"मावशी, पार्कात बाकीच्यांना म्हण की माझा स्पीकर फाटलाच होता. उगाच ब्रिस्केटचं नाव खराब होईल."

ब्रिस्केटचं नाव! आणि माझं काय, उकिरड्यावर पडलंय?

मला दुकानातच टाकून तो गेला. तेव्हापासून माझ्यावर मावशीची मांजर झोपते. येणारे जाणारे बोट दाखवतात, "हाच ना तो फाटका?"

परवा ब्रिस्केटचा आणखी एक अल्बम आला. दणका परतला. लगेच अलॉन्झो हजर. गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं विचारतो, "काय मावशी, झाला का दुरुस्त?"

"बिघडला होता कधी?"

अलॉन्झो माझ्या पेटीवर थाप मारून म्हणाला, "चल म्हाताऱ्या, घरी."

जाईन. डिकीशिवाय करमत नाही, खोटं कशाला बोलू? पण आधी माफी पाहिजे. ब्रिस्केटची नको. त्याची आई गेली, तो रडला, त्यात त्याचं काय चुकलं? आपला देव वाचवायला ज्यानं मला फाटका ठरवलं, त्याची पाहिजे. अख्ख्या पार्कासमोर, डिकी उघडून. अलॉन्झो टिबोडोची.