मागची फळी

टेपाडावर जायचं ठरलं तेव्हा आईनं फोनवर एकच विचारलं.

"तांदूळ कुठला न्यायचा?"

"नवाच," मी म्हणाले.

"मग या."

आमची जुनी खाचरं हिर्डोशीच्या खालच्या अंगाला, धरणाच्या पाण्यात आहेत. मी दुसरीत असताना पाणी चढलं. घर वर रस्त्याकडेला आलं, खाचरं बुडाली आणि त्यांच्या माथ्यावरचा आंब्याचा तुकडा तेवढा पाण्याबाहेर राहिला. पाहुणे त्याला बेट म्हणतात, आम्ही टेपाड. पाणी आल्यापासून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एक रीत पाडली होती. वर घरामागच्या पट्टीत पिकलेला नवा तांदूळ पहिल्यांदा घरात शिजायचा नाही. कापणी-झोडणी झाली की एखाद्या रविवारी सगळ्यांनी पत्र्याच्या होडीत बसायचं, टेपाडावर जायचं आणि तिथं तीन दगडांवर पहिला भात करायचा. "ज्या मातीनं खाऊ घातलं तिथं वर्षातनं एकदा बसून खावं," असं ते म्हणायचे. त्यांचा दुसरा देवधर्म नव्हता. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि खाली ही होडी.

अण्णा जूनमध्ये गेले. यंदा भात आईनं एकटीनं काढला.

मी आणि माझा धाकटा भाऊ सम्राट शनिवारी दुपारी पुण्याहून निघालो. गाडीत मागे त्याची बायको सुलक्षणा आणि त्यांची सात वर्षांची शिवानी. कापूरहोळला चहाला थांबलो तेव्हा सम्राट म्हणाला, "ताई, या वेळी विचारच. तिकडं जेवण झाल्यावर. तू विचारलंस तर ती नाही म्हणायची नाही."

विचारायचं होतं ते इतकंच, की घराला कुलूप लावून आई कायमची माझ्याकडे पुण्याला येणार का. मी एकटी राहते, दोन खोल्या आहेत, एक तिच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. हिर्डोशीला दिवसातून दोन एस.टी. येतात. रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे? हे सगळं मी मनात नीट लावून ठेवलं होतं. जे लावून ठेवलं नव्हतं ते असं, की जूनपासून मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. तिच्या हातांकडे पाहायचे, पदराकडे, ताटाकडे. चेहऱ्यावर काय दिसेल याची मला भीती वाटत होती. तिला पुण्याला आणलं की ती भीती आपोआप जाईल असं मी कुठेतरी धरून चालले होते.

रविवारी सकाळी पाण्याकाठी गेलो तेव्हा शेजारचे कोंडिबाकाका म्हशीला पाणी दाखवत होते.

"जय भीम काका."

"जय भीम, जय भीम. काय सम्राटशेट, वल्हं धराया येतंय का निस्तं मोबाईलचं बटान?"

"येतंय की."

"बगू. बुडाला तर हाक मारा. म्या काय येनार न्हाई, पर ऐकीन."

आई हसली. म्हणजे आवाज आला, मी पाहिलं नाही.

होडीत बसताना आम्ही आईचं कौतुक केलं. सुलक्षणानं गाडीतली उशी आणली होती, ती पुढच्या फळीवर टाकली. "आई, तुम्ही इथं बसा. मागं पाणी साचतं, लुगडं भिजेल." आई क्षणभर मागच्या फळीकडे बघत उभी राहिली, मग उशीवर बसली, गावाकडे तोंड करून. मधल्या फळीवर सम्राटनं दोन्ही वल्ही घेतली. सुलक्षणा आणि शिवानी पातेल्याशेजारी तळाला बसल्या. मागची फळी माझ्या वाट्याला आली.

वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी जायच्या दिशेला असते. लहानपणी आम्हाला याचं फार नवल वाटायचं. अण्णा एकदाही मागं वळून न बघता होडी नेमकी आंब्याखाली लावायचे. कसं जमतं विचारलं तर म्हणायचे, "माझ्या पाठीला डोळं हायेत." सम्राट त्यांचा सदरा वर करून डोळे शोधायचा.

"ताई, नीट चाललोय ना?" सम्राटनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

समोर आंबा दिसत होता, त्याच्याकडेच चाललो होतो, आणखी काय बघायचं होतं? मी पाण्याकडे बघत माझी वाक्यं जुळवत होते. आई, तिकडं बाग आहे जवळ. आई, विहारही दहा मिनिटांवर आहे.

खालून खर्रकन आवाज आला. होडी थांबली आणि एका अंगाला कलली. पातेलं घरंगळलं, शिवानी किंचाळून सुलक्षणाला बिलगली. सम्राटनं वल्हं रेटलं तसा पत्रा आणखी खरवडला. काठापासून चांगले दूर होतो आणि वल्हं हातभर पाण्यात जाऊन दगडाला लागत होतं.

"ढकलू नगंस," आई म्हणाली. "पत्रा फाटंल. ताल हाय ती."

"कसली ताल?"

"आपली. तिसऱ्या खाचराची. तुज्या आज्यानं रचल्याला दगडी बांध." ती उठली. "सरका. मला माझ्या जाग्यावर बसू द्या."

कुणाला काही कळायच्या आत ती सम्राटच्या खांद्याला धरून, सुलक्षणाला ओलांडून मागे आली. मी तिथंच बाजूला सरकले. वजन मागं गेलं तशी होडीची पुढची बाजू उचलली आणि दगडावरून सुटली. मग मी जपून पुढच्या उशीवर गेले. आईनं पदर खोचला. ओल्या फळीवर तशीच टेकली.

"आता माझ्याकडं बघ," ती सम्राटला म्हणाली. "पान्याकडं न्हाई. माझ्याकडं."

तिनं हनुवटी किंचित उजव्या खांद्याकडे नेली. सम्राटनं त्या बाजूचं वल्हं मारलं. ती सरळ बघत राहिली, त्यानं दोन्ही मारली. मग डाव्या खांद्याकडे, अगदी थोडी, माशी हाकलावी इतकीच. होडी बुडालेल्या तालींना वळसे घालत चालली. नऊ वर्षं तिनं त्या खाचरांत चिखलात वाकून भात लावला होता. कुठं बांध, कुठं पायरी, कुठं उतार, तिला ते पायांनी माहीत होतं. वर आंब्याची फांदी आणि पलीकडची खिंड यांचा मेळ ती डोळ्यांनी घालत होती.

मी पुढच्या फळीवर बसून सम्राटची पाठ बघत होते. ती साधी पाठ होती. अण्णांचीही तशीच असणार.

"आई," मी म्हणाले, "अण्णांना तू रस्ता दाखवायचीस?"

"मग काय पाठीला डोळं व्हतं त्यांच्या?"

"आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात. त्येंना बढाई मारायची हौस. मारू दे म्हनलं." मग थोड्या वेळानं, हनुवटी न हलवता, ती म्हणाली, "दीड तास जानं-येनं माझ्याकडं बघाया लागायचं. घरी एवढं बघायचं न्हाईत कदी."

सुलक्षणा खळखळून हसली, मग चपापली. आईच म्हणाली, "हस गं. खरं हाय ते."

टेपाडावर भात झाला. दगड गेल्या वर्षीच्याच जागेवर होते, काळे. शिवानीनं वाळकी पानं गोळा केली, सम्राटनं चूल फुंकून डोळे लाल करून घेतले. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं; अंदाज मी घेतला आणि चुकले, भात गिचका झाला. आईनं पहिला घास तोंडात घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"गिचका झाला," मी म्हणाले.

"ते असंच म्हनाले असते," ती म्हणाली, "आन् तीनदा घेतला असता."

सम्राट माझ्याकडे बघत होता. जेवण झालं होतं, वेळ ठरल्याप्रमाणे आली होती. मी ताटं पाण्यात विसळायला घेतली.

परत निघताना सम्राट मधल्या फळीवर बसायला लागला तशी आई म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. प्रेरणाला बसू दे."

"मला येत नाही, आई."

"येतंय. माझ्याकडं बगायचं, दुसरं काय न्हाई."

मी बसले. वल्ही जड होती आणि मुठीशी अण्णांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. हातभर अंतरावर, मागच्या फळीवर, आई होती. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

मी पाहिलं. ती वाळली होती. गालाची हाडं वर आली होती, डाव्या भुवईत पांढरा केस होता, तो मला माहीत नव्हता. डोळे माझ्यावरून पलीकडे, काठाकडे लागलेले. मला वाटलं होतं तसं त्यांत काही उद्ध्वस्त नव्हतं. दुःख होतं, ते बसून काम करत होतं. हनुवटी डावीकडे गेली. मी वल्हं मारलं.

अर्ध्या वाटेत तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुला कायतरी इचारायचं व्हतं. सकाळधरनं व्हट हलत्यात तुजं."

मी वल्ही थांबवली नाहीत. "पुण्याला ये म्हणून विचारायचं होतं. कायमची. घर बंद करून."

"आन् आता?"

"आताही विचारतेय."

ती उजवीकडे झुकली, मी वळवलं. एक ताल मागे गेली असावी.

"येईन की," ती म्हणाली. "आठ दिस, पंधरा दिस. तुज्या हातचा गिचका भात खाईन. पर घर बंद न्हाई करायचं, बाय. ह्ये पानी मला येतं. तिकडचं मला काय येतंय?"

"एकटी राहशील."

"व्हय," ती म्हणाली. मी पुढं काही म्हणावं म्हणून ती थांबली नाही. "तोंड वर कर. खाली बगितलंस की होडी भरकटती."

मी तोंड वर केलं.  शिवानी म्हणाली, "आत्याच्या पाठीला डोळे आलेत!"

काठावर कोंडिबाकाका अजून होते. "आली का पोरगी वल्हवत? ह्या बाप्याला काय झालं?"

"त्याला पाहुना केलाय," आई म्हणाली.

सम्राटनं होडी ओढून काढली आणि दरवर्षीप्रमाणे ती पालथी घालायला वाकला. एकदा पालथी घातली की पुढच्या भातापर्यंत तिला कुणी हात लावायचं नाही. आईनं पायानंच कड धरली.

"पालथी नगं घालू. बांधून ठेव निस्ती. म्होरल्या शनवारी ही परत येतीया."

"मी?" मी म्हटलं.

"मग. एकदा वल्हवून येतंय व्हय? अजून चौथ्या खाचराची ताल दावायची ऱ्हायलीय."

दोर माझ्या हातात देऊन ती पातेलं डोक्यावर घेऊन चढाला लागली. गाठ कशी मारायची ते मला येत नव्हतं. मी तिला हाक मारली. ती वळली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत गाठ मारायला घेतली.