गुलाबाचा वास

दॉ सेनने गालांना उगाळून लावायच्या थनाखाचा ओंडका उचलला, सालीवर नख मारलं आणि दुकानदारणीच्या पुढ्यात आपटला.

"हे लाकूड आहे की सरपण? साल बघ, कागदासारखी. उगाळायचं काय, माझं कपाळ?"

"मग बोटभर सालीचा घ्या की मावशी, कोण नको म्हणतंय!" मा चो म्हणाली. पॅगोड्याच्या पायऱ्यांवर दुकान टाकून तिला वीस वर्षं झाली होती. असल्या म्हाताऱ्या ती रोज सकाळी चहाबरोबर पचवायची. "कुणासाठी हवाय?"

"हिच्यासाठी." दॉ सेनने मागे न बघता हनुवटी उडवली. "सूनबाई गोरी व्हायला निघाली होती. कसलीशी क्रीमची डबी आणून फासली तोंडाला. अगं, काढ तो मास्क, लाजतेस कसली? सगळ्या गल्लीला माहीत आहे."

थिरीने मास्क काढला नाही. आत दोन्ही गालांवर भाजल्यासारखे काळे चट्टे होते. महिनाभर काही लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तो महिना काल संपला होता. सोमवारपासून पुन्हा शाळेत शिकवायला जायचं होतं. पोरांसमोर उघड्या तोंडाने उभं राहता येईल का, एवढाच तिला घोर होता.

डबी तिनेच आणली, हे खरं. पण त्या घरात काहीही सासूच्या नाकाखालून गेल्याशिवाय वापरात येत नसे. तेल, तांदूळ, आंबवलेली मासळी, थनाखा, सगळं आधी दॉ सेन हुंगणार, मान हलवणार, मग बाकीच्यांनी हात लावायचा. लग्न ठरलं तेव्हा तिने थिरीचे केससुद्धा हुंगले होते. डबी उघडताच थिरी म्हणाली होती, "आई, उग्र वास येतोय. गंजल्यासारखा." दॉ सेनने डबी नाकाला लावून दोनदा श्वास घेतला. "गुलाबाचा वास आहे. नसते नखरे पुरे, लाव." थिरीने लावलं. तेव्हापासून गल्लीत एकच कथा चालू होती, की पोरीने स्वतःच्या हाताने तोंड जाळून घेतलं.

मा चोने ढिगाच्या तळातून एक जाड सालीचा ओंडका ओढून पुढे केला. थिरीला मास्कमधूनही भपकारा आला. रॉकेलचा.

दॉ सेनने तो घेतला, डोळे मिटले आणि छाती भरून हुंगला.

"हं. ह्याला म्हणतात वास. हाच दे."

मा चो फिसकन हसली. "थट्टा करता होय मावशी? गाडीत रॉकेल सांडलं ह्याच्यावर. बाजूला काढायचा राहिला."

दॉ सेन हसली नाही. तिचा अंगठा सालीवरून नुसता फिरत राहिला. थिरीला आठवलं, सासूच्या गेल्या वर्षीच्या तापानंतर एकदा चुलीवर भात करपून कोळसा झाला होता, आणि ती शेजारीच बसून शेंगा सोलत होती.

"आई, त्या डबीला गुलाबाचा वास होता?"

दॉ सेन ओंडक्यावरची धूळ झटकू लागली.

"बोला ना. गल्लीत तर रोज बोलता."

"तोंड सांभाळ!"

"कुठलं? हे?" थिरीने मास्क खाली ओढला.

मा चोला एकाएकी ओंडके रचायचं काम सुचलं.

म्हातारीने रॉकेलचा ओंडका ठेवला, दुसरा उचलला, नाकाकडे नेता नेता थांबली आणि तो थिरीपुढे धरला.

"तू बघ."

थिरीने मुद्दाम वेळ लावला. तीन नाकारले, चौथा निवडला. दॉ सेनने मा चोची सहाण पुढे ओढली, पाणी शिंपडलं आणि उगाळायला लागली. पिवळसर गंध जमलं तसं थिरीने बोट पुढे केलं. सासूने तिचा हात फटकन झटकला.

"मागं हो."

आणि तिने ते गंध स्वतःच्याच गालांना लावलं, थिरीचे चट्टे होते नेमकं तिथं, जाड थराने.

"उद्या सकाळपर्यंत माझं काही जळलं नाही, तर तू लाव."

"आणि गल्लीत?"

दॉ सेन सहाण धूत राहिली. धुऊन झालेली सहाण तिने पुन्हा धुतली.

"सांगीन मी."

"मी बरोबर येते," थिरी म्हणाली, "ऐकायला."

मास्क तिने पुन्हा वर चढवला नाही.