डावा सिलिंडर

मिस्त्रींना सगळी गल्ली मिस्त्रीच म्हणायची. जन्मभर मोटारसायकली दुरुस्त केल्या, शेवटी गॅरेज विकून टाकलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. घरामागच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची जुनी, दोन सिलिंडरची गाडी होती. तिच्यावर त्यांचा इतका जीव, की बायको म्हणायची, यापेक्षा सवत परवडली, निदान ती फरशीवर तेल तरी गाळत नाही.

अलीकडे मात्र मिस्त्री एक गोष्ट सगळ्यांपासून लपवत होते. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. कान ठार गेले नव्हते, पण बारीक आवाज गेलेच होते. कुणी काही विचारलं की हसून मान डोलवायची आणि वेळ मारून न्यायची, यात ते तरबेज झाले होते. कारण लेकीने बजावून ठेवलं होतं, की बाबा, डोळे नाहीतर कान, एक जरी गेलं तरी गाडी बंद आणि किल्ली माझ्याकडे. लेक बोलते ते करते, आईवर गेलीय. आणि गाडीच गेली तर मिस्त्रींकडे उरणार काय? पेपर आणि पथ्य!

तर त्या दिवशी सकाळी प्लगच्या वायरी बदलायचं निघालं. जुन्या वायरी वाळून तडकल्या होत्या, जरा दमट हवा झाली की ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधी वाटेतच पळून जायची. मिस्त्रींनी नवी वायर मापाने कापली, एक टोक ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्ये बसवलं, दुसऱ्यावर प्लगची रबरी टोपी पिळून घट्ट केली आणि टोपी प्लगवर दाबली. आधी उजवी, मग डावी. गॅरेजमध्ये पोरांना त्यांनी एक धडा घोकून घोकून शिकवला होता, की टोपी बसली की टक् वाजते, ते टक् ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. आज त्यांनी स्वतः दाबलं, वाजलं असेल असं धरून चालले आणि हात काढला.

किक मारताच गाडी सुरू झाली. टाकीवर हात ठेवला तर धडधड लागली. मिस्त्री खूश. बायकोला म्हणाले, बघ, कशी लोण्यासारखी चालतेय.

बायको दारात वाटाणे सोलत बसली होती. ती उठून जवळ आली आणि म्हणाली, डावा सिलिंडर बंद आहे, गाडी एका पायावर लंगडतेय. झालं, मिस्त्री उखडले. माझा जन्म गेला यात आणि तू वाटाणे सोलता सोलता मला शिकवणार, असं तोंडाला येईल ते बोलले. ती वाद घालत बसली नाही. पेलाभर पाणी आणलं, बोटं बुडवली आणि इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या दोन्ही नळ्यांवर थेंब शिंपडले. उजवीवरचे थेंब नाचत उडून गेले. डावी तापलीच नव्हती, तिच्यावरचे जिथे पडले तिथेच बसून राहिले.

मिस्त्रींनी गाडी बंद केली. वाकून डावी टोपी हलवली, तर ती अलगद हातात आली. एखाद्या नवशिक्याने असं केलं असतं तर त्याची त्यांनी सालटी काढली असती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "गाडीवर मागे बसून मी काय करते असं वाटतं तुम्हाला? मागून हॉर्न वाजला की तुमचा खांदा दाबते. तुम्ही लगेच हळू होऊन कडेला घेता. म्हटलं, खूण पटली."

खांदा दाबला जातो हे मिस्त्रींना कळत होतं, पण त्यांचा समज भलताच होता. म्हातारपणी बायकोला प्रेमाचं भरतं आलंय असं समजून ते मनातल्या मनात लाजायचे, आणि तेवढीच फेरी लांबेल म्हणून गाडी हळू करून कडेकडेने न्यायचे. मित्रांपुढे फुशारकीही मारून झाली होती. आता लपवून काय करणार? त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती हसता हसता खालीच बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

मग तिने विचारलं, लेकीला कोण सांगणार? मिस्त्री म्हणाले, मीच सांगतो, आजच. आधी कान दाखवून येऊ. यंत्र लावायला सांगितलं तर लावीन, चष्मा नाही का लावला? आणि तरीही लेकीने किल्ली मागितली तर देईन, बापाच्या हट्टापायी आईचा जीव धोक्यात का घालायचा?

त्यांनी टोपी पुन्हा दाबली. या वेळी बायकोने वाकून कान लावला आणि टक् ऐकून मान डोलवली. गाडी दोन्ही पायांवर चालू लागली.

डॉक्टरकडे जाताना रस्ता मोकळा होता. निम्म्या वाटेत खांदा दाबला गेला. मिस्त्रींनी आरशात पाहिलं, मागे कुणीच नव्हतं. तरी त्यांनी गाडी हळू केली आणि कडेला घेतली.